‘वात’ या नावाआड : स्वयंप्रतिकार रोगांच्या संकल्पनेचा इतिहास

कराडलगतच्या मलकापूर परिसरात सांधे धरले की ‘वात आला’ असे म्हटले जाते. झिजलेला गुडघा आणि शरीराच्याच प्रतिकारशक्तीने पोखरलेला सांधा या दोन्ही गोष्टी या एका शब्दात सामावतात. वस्तुतः माधवनिदानात आमवात व वातरक्त यांचे स्वतंत्र अध्याय आहेत. लोकव्यवहारात मात्र असा भेद उरला नाही. याचा दोष केवळ लोकभाषेला देणे उचित नव्हे, कारण आधुनिक वैद्यकालाही स्वयंप्रतिकाराची संकल्पना स्वीकारण्यास अर्धशतक लागले.

इ.स. १९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी शेळ्यांना अन्य शेळ्यांचे रक्त टोचले. त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण झाली, परंतु स्वतःच्या रक्ताविरुद्ध झाली नाहीत. शरीर स्वतःवर उलटत नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे जवळजवळ सिद्धांतच बनला. १९०४ मध्ये डोनाथ व लँडस्टायनर यांनी थंडीने रक्तपेशी फुटण्याच्या विकारात विरुद्ध पुरावा दिला, पण एर्लिख यांच्या अधिकारापुढे तो झाकोळला. अखेर १९५६ मध्ये रोझ व विटेब्स्की यांनी सशांमध्ये, तर लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व सहकाऱ्यांनी हाशिमोटो रोगाच्या रुग्णांमध्ये अवटू ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे दाखविली.

आनुवंशिकतेचा धागा त्यानंतर जुळला. १९७३ मध्ये एचएलए-बी२७ या प्रतिजनाचा पाठीचा कणा ताठरणाऱ्या संधिशोथाशी, तर पुढे त्याच दशकात डीआर४ चा संधिवाताभ संधिशोथाशी संबंध आढळला. तथापि जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकास संधिवाताभ संधिशोथ असता दुसऱ्यास तो होण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्केच आढळले. उरलेले कारण धूम्रपानासारख्या बाह्य घटकांत व योगायोगात शोधावे लागते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना म्हणजे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सुरू केलेली कॉपकॉर्ड पाहणी होय. रुग्णालयात येणाऱ्यांची नोंद घेण्याऐवजी घरोघरी विचारणा करण्यात आली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंच्या तक्रारी होत्या. त्यांत बहुतेकांचे दुखणे स्वयंप्रतिकाराचे नव्हते. संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा लहान आकडाच अधिक बोलका आहे. एका गावातील ही वीसेक माणसे शेकडो ‘वातवाल्यां’त मिसळून जातात. मेथोट्रेक्सेटला या रोगासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. आठवड्यातून एकदा घ्यावयाचे हे औषध सांध्याची हानी होण्यापूर्वी सुरू झाले, तरच त्याचा पुरता लाभ होतो. झालेली हानी ते भरून काढीत नाही.