नाणे डबीत ठेवावे की अल्बममध्ये?

नाणी जमवणाऱ्या अमेरिकन माणसापुढे एक पेच हमखास येतो. त्याच्याकडे एक सेंटच्या नाण्यांचा अल्बम असतो. जाड पुठ्ठ्याची पाने, त्यांत गोल खाचा, प्रत्येक खाचेखाली साल आणि टांकसाळीचे अक्षर छापलेले. सगळ्या खाचा भरत आल्या तरी एक रिकामी राहते : १९०९, सॅन फ्रान्सिस्को, व्ही. डी. बी. पैसे साठवून तो एकदाचे हे नाणे विकत घेतो, तर ते येते तळहातावर मावेल अशा, चारही कडांनी सांधलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत. आत एक चिठ्ठी. तिच्यावर नाण्याची प्रत सांगणारा आकडा आणि एक नोंदणी क्रमांक. डबी काही अल्बमच्या खाचेत बसत नाही. खाच भरायची तर डबी फोडायला हवी, आणि एकदा फोडलेली डबी पुन्हा तशीच जोडता येत नाही.

छंदिष्टांचा घरगुती वाद म्हणून हे सोडून देता आले असते. पण डबी आणि अल्बम या दोन्ही वस्तूंमागे मोजमापाचा आणि पुराव्याचा जो इतिहास आहे, तो विज्ञान शिकवणाऱ्याच्या कामाचा आहे.

आधी अल्बम आला. १९३० च्या दशकातल्या मंदीत, विस्कॉन्सिन राज्यात, खाचा पाडलेले पुठ्ठ्याचे तक्ते विकायला आले. किंमत साधारण पंचवीस सेंट. खिशातली मोड चाळायची आणि न मिळालेले साल सापडले की तक्त्यात दाबून बसवायचे. बिनखर्चाची करमणूक होती ती. त्याआधी संग्राहक मुख्यतः सालाची पर्वा करीत. कोणत्या टांकसाळीचे नाणे, याकडे फारसे कोणी पाहत नसे. तक्त्याने प्रत्येक टांकसाळीला वेगळी खाच दिली आणि रिकामी खाच डोळ्यांना खुपू लागली. १९०९ चे ते नाणे याच कारणाने प्रसिद्ध झाले. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर या शिल्पकाराने लिंकनचा मुखवटा घडवला आणि मागच्या बाजूला आपली आद्याक्षरे ठेवली. ती फार ठळक आहेत अशी ओरड होताच काही दिवसांतच काढून टाकली गेली. तोवर फिलाडेल्फियात सुमारे २ कोटी ८० लाख नाणी पडली होती, सॅन फ्रान्सिस्कोत फक्त ४ लाख ८४ हजार. दोन्हींत फरक एका बारीक ‘एस’ अक्षराचा. साहजिकच फिलाडेल्फियाच्या स्वस्त नाण्यावर ‘एस’ चिकटवून विकणारे कारागीर निपजले. तेव्हा डबीतली चिठ्ठी नुसती प्रत सांगत नाही. ‘हे अक्षर मूळचे आहे’ अशी ग्वाहीही देते.

आता त्या आकड्याकडे वळू. १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या आकाराच्या तांब्याच्या सेंटांवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात नाण्याच्या अवस्थेसाठी १ ते ७० अशी श्रेणी दिली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १, निर्दोष नाणे ७०. सत्तरच का? कारण श्रेणी मुळात किमतीची होती. ज्या नाण्याची पायाभूत किंमत एक डॉलर, ते १२ प्रतीचे असेल तर बारा डॉलर, ६० प्रतीचे असेल तर साठ. १७९४ च्या सेंटांच्या तत्कालीन बाजारभावाशी हे बरे जुळत होते. थोड्याच वर्षांत भाव बदलले आणि गणित कोलमडले, आकडे मात्र राहिले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते फेरफार करून सर्व अमेरिकन नाण्यांना लावले गेले. म्हणजे कापड विकून संपले, पण त्यासाठी आखलेला गज दुकानात राहिला, तसे. आज ६४ प्रतीचे नाणे ३२ प्रतीच्या दुप्पट चांगले असते, असे म्हणण्याला काही अर्थ नाही. हे आकडे फक्त क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. परीक्षेतल्या गुणांबाबतही हीच शंका आपल्याला अधूनमधून यायला हरकत नाही.

शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ होते. माणसांच्या शरीराचे तीन घटकांत वर्गीकरण करून प्रत्येकाला १ ते ७ गुण देण्याची आणि त्यावरून स्वभाव ओळखण्याची त्यांची पद्धत एके काळी गाजली होती. ती शास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. नाण्यांची श्रेणी टिकली, कारण तिच्यावर व्यापार उभा राहिला.

आणि व्यापारानेच ती अडचणीत आणली. चलनात न फिरलेल्या नाण्यांच्या प्रती ६० पासून पुढे. त्यांत एकदोन अंकांचा फरक पडला तरी किंमत कित्येक पट होऊ लागली. विकताना दुकानदाराला ६५ दिसायचे, तेच नाणे परत घेताना ६३. यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये ‘प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस’ने आणि १९८७ मध्ये आणखी एका कंपनीने त्रयस्थ परीक्षण सुरू केले. नाणे कोणाचे हे न कळू देता एकाहून अधिक तज्ज्ञांनी ते पाहायचे, प्रत ठरवायची आणि लगेच डबीत सांधून टाकायचे. सांधण्याला महत्त्व आहे. मत आणि वस्तू एकमेकांपासून सुटली की मताला काडीची किंमत उरत नाही.

तरीही ते मतच. तेच नाणे पुन्हा पाठवले तर कधी एक अंक वर, कधी खाली येतो. हे व्यापाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ६४ ची डबी फोडायची आणि ६५ मिळेपर्यंत नाणे पुन्हा पुन्हा पाठवायचे, हा धंदाच झाला. त्यातून एक मजेदार घोटाळा निर्माण झाला. कोणत्या सालाची, कोणत्या प्रतीची किती नाणी तपासली, याची गणना या कंपन्या प्रसिद्ध करतात. संग्राहक ती दुर्मिळता म्हणून वाचतात. पण ती नाण्यांची गणना नाही, तपासण्यांची आहे. चारदा गेलेले एक नाणे चार नाणी म्हणून मोजले जाते. वाघ मोजताना छायाचित्रांतले अंगावरचे पट्टे जुळवून पाहतात, ते एकच वाघ दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. या गणनेत पट्टे पाहण्याची सोय बराच काळ नव्हती.

पट्टे पाहिले तर काय होते, याचे उदाहरण स्वतः शेल्डन यांच्याच चरित्रात आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीकडे जॉर्ज क्लॅप यांनी दिलेला तांब्याच्या सेंटांचा उत्तम संग्रह होता. अभ्यासक म्हणून शेल्डन यांना तिथे मुक्त प्रवेश असे. त्यांनी तिथली चांगली नाणी उचलून त्याच जातीची हलकी नाणी जागेवर ठेवली, शंभराहून अधिक. १९७७ साली ते वारले. अदलाबदल पुरती उघडकीस आली ती त्यानंतर, आणि १९९० च्या दशकात प्रकरण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले. चोरी पकडली कशी? क्लॅप यांच्या नाण्यांची जुनी छायाचित्रे होती. एखादा ओरखडा, कडेवरची ठेच, तांब्यावरचा डाग यांवरून नाणी ओळखता आली. प्रतीचा आकडा तिथे काही कामाचा नव्हता. एकाच प्रतीची दोन नाणी असू शकतात, एकाच ओरखड्याची नाही.

आता रसायनशास्त्र. डबीने नाणे सुरक्षित राहते, हे खरे. पण ती हवाबंद नसते. अल्बमची बाजू याहून कमकुवत आहे. पुठ्ठ्यात आणि हवेत गंधकाची संयुगे असतात. चांदीवर त्यांनी सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. तो काही दशकोटी अंश मीटर जाडीचा असतो तेव्हा पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे पिवळे, जांभळे, निळे रंग दिसतात; प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा हा नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे. जुन्या अल्बमांतल्या डॉलरांना असे रंगीत कडे आलेले असते आणि शौकीन त्यासाठी जास्त पैसेही मोजतात. तांब्याचे मात्र कोणी कौतुक करीत नाही. आपल्या १९०९ च्या सेंटात ९५ टक्के तांबे आहे. त्याचा कोरा तांबूस रंग दमट हवेने आणि बोटांच्या घामाने तपकिरी होतो आणि परत येत नाही. अल्बममधली सरकपट्टी ओढता-ढकलताना लिंकनच्या गालावर बारीक रेघा पडतात, ते वेगळेच. सर्वांत वाईट पीव्हीसीचे मऊ पाकीट. त्याला मऊपणा आणणारी द्रव्ये पाझरतात, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो.

मग डबी फोडावी का? नाणे अजून कोरे, तांबूस असेल तर फोडू नये. तिथे एका खाचेपायी जे जाते ते कुठल्याही उपायाने भरून येत नाही. नाणे चलनात फिरून आधीच तपकिरी झालेले असेल, तर माझ्या मते खुशाल फोडावी. शंभर वर्षे हातोहात फिरलेल्या नाण्याला अल्बमची हवा नवी नाही, आणि त्याची कड हाताने फिरवून पाहण्यातला आनंद प्लॅस्टिकमधून मिळत नाही. मात्र पुढे विकताना ‘एस’ खरे असल्याची परीक्षा नव्याने द्यावी लागेल, हे धरून चालावे.

फोडण्यापूर्वी डबीसकट दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, नोंदणी क्रमांक वाचता येईल अशी. मग डबी जाड फडक्यात गुंडाळून पकडीने फक्त कोपरा चेपावा. सांधा आपोआप उकलतो. नाणे बाहेर आले की कडेने धरून वजन करावे. नवे असताना ते ३.११ ग्रॅम होते, झिजलेले थोडे कमी भरेल. पुन्हा छायाचित्रे घ्यावीत, या वेळी तिरप्या प्रकाशात, म्हणजे ओरखडे उठून दिसतील. राहिली ती चिठ्ठी. ती आपल्याकडे ठेवावी, तर तिच्यात नाण्याची वंशावळ आहे. कंपनीला परत पाठवावी, तर गणनेतून ते नाणे वजा होते आणि आकडा तेवढा खरा होतो. छायाचित्र हाती असेल तर चिठ्ठी पाठवून द्यावी.