मातीतला फोर-स्ट्रोक

मोटोक्रॉसची पहिली शर्यत १९२४ साली इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीच्या माळरानावर झाली. त्याआधी यॉर्कशायरमध्ये ‘स्कॉट ट्रायल’ नावाची चढाओढ होत असे. तीत वेगाबरोबर कसबही पाहिले जाई. दगडधोंड्यांच्या पट्ट्यात पाय टेकला की गुण कापत. कॅम्बर्लीच्या मंडळींनी हे गुणांचे प्रकरण काढून टाकले आणि जो आधी पोचेल तो जिंकला, असा साधा नियम केला. मग त्याला ‘ट्रायल’ म्हणता येईना. कुणीतरी म्हणाले, नाव काहीही द्या, होणार आहे ती झोंबाझोंबीच. इंग्रजीत तिला ‘स्क्रॅम्बल’ म्हणतात आणि तेच नाव चिकटले. दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ बेल्जियम, फ्रान्स, हॉलंड, स्वीडन इकडे फोफावला तेव्हा त्याला मोटोक्रॉस हे नाव मिळाले. देशादेशांच्या संघांची पहिली स्पर्धा १९४७ साली हॉलंडमध्ये वासेनार येथे झाली. ५०० सीसीच्या युरोपीय स्पर्धेला १९५७ पासून जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला.

त्या काळात मातीवर राज्य होते एका मोठ्या सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे. बुलेटचा आवाज ज्याच्या कानात आहे त्याला हे इंजिन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पिस्टनच्या चार धावांत एकदाच स्फोट, दोन स्फोटांच्या मध्ये जड फ्लायव्हीलने गाडी रेटायची. मऊ मातीत ही रीत फार उपयोगी पडते, कारण दोन धक्क्यांच्या मध्ये मागच्या टायरला पकड सापडायला उसंत मिळते. बीएसए कंपनीची ‘गोल्ड स्टार’ हा या जातीचा नमुना. वॉल्टर हँडली या शर्यतपटूने १९३७ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर बीएसए गाडीवर ताशी १०० मैलांहून जास्त वेगाने फेरी मारली आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याला सोन्याचा तारा मिळाला. गाडीचे नाव त्यावरून पडले. १९६३ पर्यंत बनत राहिलेली ही गाडी रस्त्यावर, धावपट्टीवर आणि मातीत, तिन्हीकडे चालली.

मातीतल्या गाड्या तेव्हाही बऱ्याचशा घरी जुळवलेल्याच असत. स्वीडनचा बिल निल्सन १९५७ चा पहिला जागतिक विजेता. त्याची गाडी होती रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बनलेली एजेएस ७-आर. तिचे इंजिन वाढवून त्याने ती मातीत उतरवली. स्वीडनच्याच मोनार्क, लिटो आणि हुस्कवार्ना या गाड्या पुढची काही वर्षे जिंकत राहिल्या. १९६२ आणि १९६३ ची अजिंक्यपदे रॉल्फ टिब्लिनने हुस्कवार्नाच्या फोर-स्ट्रोकवर घेतली.

खरी अडचण होती वजनाची. भंडारा-गोंदियाकडे ज्याने शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिली आहे त्याला हे गणित सांगायला नको. धान्य वाहायची बंडी वेगळी आणि पटात जुंपायची छकडी वेगळी. छकडीत भार पेलायला काही नसते, उधळलेल्या जोडीमागे मोडून न पडण्यापुरतेच लाकूड असते. मोटोक्रॉसवाल्यांना ही छकडी सापडायला चाळीस वर्षे लागली. गोल्ड स्टारसारखी गाडी दीडशे किलोच्या आसपास भरे. खड्ड्यातून उसळून जमिनीवर आदळताना ते सगळे वजन चालवणाऱ्याच्या मनगटांवर येई. बीएसएच्या जेफ स्मिथने उलटी वाट धरली. रस्त्यावरच्या लहान बीएसएचे इंजिन वाढवत ४२० आणि मग ४४१ सीसीपर्यंत नेले, चासी हलकी केली आणि १९६४ व १९६५ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवली. त्यावरून कंपनीने ४४१ ‘व्हिक्टर’ विकायला काढली. मग बीएसएला हलकेपणाचा मोह आवरला नाही. १९६६ साली टायटॅनियमची चासी केली. ती हलकी होती खरी, पण लवायची, तडे जायचे, आणि तडा गेला की शर्यतीच्या मैदानावर जोडता यायची नाही. टायटॅनियमच्या तापलेल्या जोडाला हवा चालत नाही, तो निष्क्रिय वायूच्या आवरणातच करावा लागतो.

त्याच वर्षी पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने सीझेड या चेक टू-स्ट्रोक गाडीवर ५०० सीसीचे अजिंक्यपद घेतले. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दर फेरीला स्फोट होतो. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, पुशरॉड नाहीत, त्यामुळे इंजिनचे वजन आपोआप उतरते. सायलेन्सरच्या फुगीर नळीतून परतणाऱ्या दाबाच्या लाटेचा उपयोग करून घेण्याची युक्ती पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेनने आधीच पक्की केली होती. फोर-स्ट्रोकवर यानंतरचे ५०० सीसीचे अजिंक्यपद आले थेट १९९३ साली, बेल्जियमच्या जॅकी मार्टेन्सकडे, तेही हुस्कवार्नावर. बीएसएचा मोटरसायकलींचा धंदा १९७२-७३ च्या सुमारास बुडाला. अॅलन क्ल्यूज या बोल्टनच्या गृहस्थाने तिच्या शर्यत विभागातले सुटे भाग विकत घेऊन सीसीएम नावाने फोर-स्ट्रोक बांधणे चालू ठेवले. हरलेल्या जातीची त्या काळातली ही शेवटची धुगधुगी होती.

या जुन्या गाड्यांच्या आज प्रतिकृती बनतात. त्यांत सर्वांत मान डेरेक आणि डॉन रिकमन या भावांच्या ‘मेटिस’ला आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या न्यू मिल्टनचे हे भाऊ स्वतः ब्रिटिश संघातून स्क्रॅम्बल खेळत. १९५९-६० च्या सुमारास त्यांनी एका गाडीची चासी, दुसरीचे इंजिन, तिसरीचा फोर्क असे जुळवून पहिली गाडी केली. मेटिस हा फ्रेंच शब्द, अर्थ संकरित. पुढे त्यांनी स्वतःची चासी काढली. रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या, पितळेच्या जातीच्या धातूने केलेले जोड, वर निकेलचा चकचकीत मुलामा. इंजिन ज्याचे त्याने आणायचे. ब्रिटनमध्ये जुळणी केलेल्या नव्या गाडीवर खरेदीकर बसे, सुट्या भागांच्या संचावर बसत नसे. त्यामुळे घरी बसून गाडी बांधण्याची हौस आणि कर वाचवण्याची सोय एकाच खोक्यात येई. १९७३ साली तो कर गेला आणि ही सोयही गेली.

प्रतिकृतींची गरज पडली ती सत्तर-ऐंशीच्या दशकांत, जुन्या गाड्यांच्या वेगळ्या शर्यती सुरू झाल्यावर. ब्रिटनमध्ये १९६५ पूर्वीच्या गाड्यांचा वर्ग निघाला, अमेरिकेतही असे वर्ग आले. अस्सल गाड्या मुळात थोड्या, त्यातल्या कितीतरी त्यांच्या तरुणपणीच मातीत मोडलेल्या. ज्या उरल्या त्यांची किंमत इतकी की मालक त्यांना उडी मारू देईना. पन्नास वर्षे हादरे खाल्लेल्या नळीवर विसंबणे धोक्याचेही असते, कारण धातूचा शिणवटा रंगाखाली दिसत नाही.

प्रतिकृती बांधताना आधी साचा लागतो. लोखंडी पाटावर हँडलचे हेड, इंजिनाचे बूड आणि मागच्या चिमट्याची खीळ या तीन जागा पक्क्या करतात आणि नळ्या त्यांच्यामध्ये बसवतात. प्रत्येक नळीचे तोंड शेजारच्या नळीच्या गोलाईला घासून बसवावे लागते. फट राहिली तर जोड भरलेल्या धातूवर टिकतो, आणि तसा जोड पहिल्या उडीलाच बोलतो. पातळ नळीला इलेक्ट्रिक वेल्डिंगपेक्षा पितळी जोड बरा, कारण पितळ पोलादापेक्षा कमी उष्णतेवर वितळते आणि नळीचा कस जळत नाही. इंजिन बांधताना नवी कनेक्टिंग रॉड, नवी क्रँकपिन, सिलिंडरला नवा लायनर, कधीकधी अख्खा क्रँक नवा घडवतात. मॅग्नेटोच्या जुन्या डबीत इलेक्ट्रॉनिक ठिणगी लपवणारे महाभागही आहेत. वेग वाढतो, पण गाडी जुन्या काळाची उरत नाही, म्हणून शर्यतींचे नियम निदान डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी तरी पकडतात. अमेरिकेतल्या जुन्या वर्गांत शॉकअपची हालचाल पुढे ७ इंच आणि मागे ४ इंच यापुढे जाऊ देत नाहीत. मर्यादा बरोबर जागी बसली आहे. जुन्या आणि नव्या मोटोक्रॉसमधला सर्वांत मोठा फरक शॉकअपचा आहे, इंजिनाचा त्यामानाने कमी.

भारतात क्रम उलटा लागला. फोर-स्ट्रोक एकसिलिंडर इथे होता, पण लष्कर, पोलीस आणि रस्ता यांच्यासाठी. लष्कराची मागणी आली आणि १९५५ च्या सुमारास मद्रासला बुलेट जुळू लागली. ही बुलेट मूळची मातीतली आहे हे अनेकांना ठाऊक नसते. मागच्या चाकाला हायड्रॉलिक शॉकअप आणि हलणारा चिमटा असलेला तिचा नमुना १९४८ साली इटलीत सान रेमोच्या सहा दिवसांच्या खडतर चाचणीत उतरला होता आणि सुवर्णपदके घेऊन आला होता. बुलेट बनवणारी इंग्लंडमधली एनफिल्ड कंपनी १९७० पर्यंत संपली. मद्रासची चालू राहिली आणि १९७७ पासून उलट ब्रिटनला निर्यात होऊ लागली. इंग्रज हौशी माणूस जे इंजिन लेथवर पुन्हा घडवायला धडपडत होता, त्याच घराण्याचे बिडाचे इंजिन आपल्याकडे २०१० च्या सुमारापर्यंत थेट कारखान्यातून बाहेर पडत होते. प्रतिकृती म्हणावी तर ती मुळातून कधी तुटलीच नव्हती.

मातीतल्या शर्यती मात्र आपल्याकडे टू-स्ट्रोकच्या काळात रुजल्या. मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला काढलेल्या आयडियल जावाच्या गाड्या, पुढची येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, १९८५ ची यामाहा आरएक्स १००, टीव्हीएसच्या गाड्या, हे सगळे टू-स्ट्रोक. पुणे, नाशिक, गोवा इथल्या, मैदानात रचलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या ‘सुपरक्रॉस’ फेऱ्यांत आणि नवी मुंबईच्या चिखलातल्या पावसाळी स्कूटर रॅलीत हाच निळा धूर होता. पुण्याच्या बजाजने १९९१ साली कावासाकीबरोबर ‘४-एस चॅम्पियन’ काढली ती मायलेजसाठी. नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक रस्त्यावरून हटला. मातीतून त्याला हटवले ते यामाहानेच. डग हेन्रीने १९९७ साली लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत फोर-स्ट्रोक यामाहावर जिंकली आणि पुढच्या वर्षी वायझेड ४०० एफवर अमेरिकेचे राष्ट्रीय मोटोक्रॉस अजिंक्यपद घेतले. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा तिचे मुख्य वर्ग ४५० आणि २५० सीसीचे होते, म्हणजे फोर-स्ट्रोकचे.

या इतिहासाचे एक वळण मराठी वाचकाच्या अगदी दाराशी येते. मुंबईच्या महिंद्राने क्लासिक लेजंड्स या कंपनीमार्फत २०१६ साली बीएसएचे नाव विकत घेतले. ‘गोल्ड स्टार’ हे नाव लावलेली ६५० सीसीची नवी फोर-स्ट्रोक २०२१ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये दाखवली गेली आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी भारतात विक्रीला आली. बजाजने २००७ पासून ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भाग घेतला आणि २०२५ मध्ये तिचा ताबाच घेतला. हुस्कवार्ना मोटरसायकल २०१३ पासून त्याच घरात आहे, आणि तिची स्वार्टपिलेन चाकणला बनते. ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्सही २०२३ पासून चाकणचीच. टिब्लिनच्या गाडीवरचे नाव पुण्याचे झाले, जेफ स्मिथच्या गाडीवरचे मुंबईचे. चाकणहून निघणारी स्क्रॅम्बलर रूपाने तशी दिसते, मोटोक्रॉसची मात्र ती गाडी नव्हे. आरसा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट घेऊन ती रस्त्यावर चालायला जन्मलेली आहे.

गाडी बांधायला लागणारा मालही जवळचाच. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. वाहनांच्या सुट्या भागांना लागणारे मिश्रधातूचे पोलाद तिथे तयार होते. ईएन-८, ईएन-१९, ईएन-२४ ही नावे आपल्याकडे लेथवर उभ्या राहणाऱ्या कोणालाही पाठ असतात. पोलादाच्या प्रकारांना हे क्रमांक दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने दिले. गोल्ड स्टारच्या काळातला इंग्रज कारागीर पोलाद मागताना याच क्रमांकांनी मागत असे.

हौशी माणसाने इथे जुन्या गाडीची प्रतिकृती बांधलीच, तर तिची गाठ कायद्याशी पडते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातच राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. नवी चासी घातलेली प्रतिकृती त्यात बसत नाही. जुन्या बुलेटचे रूप पालटून स्क्रॅम्बलर करायची, तर कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगून ठेवले आहे. अशा गाडीने आवारात किंवा आखलेल्या मैदानावरच धावावे. घरापासून मैदानापर्यंत तिला टेम्पोत घालून न्यावे लागते.