पोर्तुगीज सागरी विस्तार आणि उत्तर कोकणातील मूळ रहिवासी : अमेरिकेच्या संदर्भात एक तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

इ.स. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला, तर १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला. या घटना परस्परांपासून अलग नव्हत्या. १४९४ च्या तोर्देसिल्यास कराराने स्पेन व पोर्तुगाल यांनी युरोपाबाहेरील जग आपसांत वाटून घेतले होते. १५०० मध्ये भारताकडे निघालेले कब्रालचे आरमार वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागले व त्याच वर्षी कालिकतला पोहोचले. एकाच विस्तारवादाचे परिणाम दोन भूभागांत भिन्न का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिका :

१५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोत उतरला. १५२० च्या देवीच्या साथीने तेनोच्तित्लान नगर खिळखिळे झाले व १५२१ मध्ये ते पडले. देवी, गोवर हे रोग तेथील लोकांना सर्वस्वी अपरिचित होते. सक्तीच्या श्रमांनी त्या संहारात भर घातली आणि शतकभरात मध्य मेक्सिकोतील बहुसंख्य लोकसंख्या नष्ट झाली.

उत्तर कोकण :

१५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. साष्टी व मुंबई ही बेटे त्यातच मोडत. आज नवी मुंबईत असलेले बोनकोडे हे आगरी-कोळी वस्तीचे गाव ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस असून समोर पश्चिमेस साष्टी आहे. या किनाऱ्यावरील समाज अमेरिकेतील समाजांप्रमाणे नामशेष झाला नाही. सोपारा, कल्याण या बंदरांचा पश्चिम आशियाशी प्राचीन काळापासून व्यापार असल्याने युरोपीयांचे रोग येथे नवे नव्हते; शिवाय सभोवती प्रबळ सत्ता होत्या.

तथापि, संहार टळला म्हणजे परिणाम झाला नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. साष्टीतील गावे पोर्तुगीज सरदार व धर्मसंघ यांना ‘फोरो’ या ठरावीक वार्षिक देण्यावर बहाल करण्यात आली. कसणारे तेच राहिले, परंतु जमिनीवरील अधिकार परक्यांकडे गेला. मुंबईच्या महसुली परिभाषेतील ‘फोरास’ हा शब्द याच व्यवस्थेचा अवशेष होय. मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले. धर्मांतरित समाजाने, ज्याने पुढे १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले, आपली मराठी बोली व लग्नातील ‘उंबराचे पाणी’ यांसारखे विधी मात्र जपले. अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी जोपासलेली मिरची, पेरू, काजू ही पिकेही याच सागरी मार्गांनी येथे रुजली.

निष्कर्ष :

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर या प्रांतातील पोर्तुगीज सत्ता जवळजवळ संपली. जमीन, श्रद्धा व आहार यांतील बदल टिकून राहिले. मेक्सिको काय किंवा साष्टी काय, हे भूभाग युरोपीयांच्या आगमनापूर्वी वसलेलेच होते. म्हणून अध्यापनात ‘शोध’ या शब्दाऐवजी ‘आगमन’ हा शब्द योजणे अधिक इतिहासनिष्ठ ठरेल. विस्तारवादाचे मोजमापही केवळ मृतांच्या संख्येवरून न करता, जगलेल्यांनी काय गमावले व काय जपले यावरून करणे आवश्यक आहे.