तिळारीचा वाघ आणि ग्रामसभा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील रेडी हे गाव द्विभुज गणपती, यशवंतगड आणि लोहखनिजाच्या खाणी यांसाठी परिचित आहे. रेडीच्या दक्षिणेस समुद्राला मिळणारी तेरेखोल नदी उगम पावते ती मात्र सह्याद्रीच्या दाट जंगलात. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील हे जंगल म्हणजे पट्टेरी वाघाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संचारमार्ग होय.

या जंगलाच्या उत्तरेस राधानगरी अभयारण्य व त्यापलीकडे २०१० मध्ये घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. दक्षिणेस गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील भीमगड व काळी ही वने आहेत. दक्षिणेकडील वाघ उत्तरेत पोहोचतो तो याच पट्ट्यातून. हा दुवा तुटल्यास उत्तरेकडील जंगलात वाघाची वाढ नैसर्गिकरीत्या होणे कठीण आहे.

मात्र या पट्ट्यात गावे, काजूच्या बागा, देवरहाटी आणि गुरांची कुरणे आहेत. खासगी मालकीचे जंगलही बरेच आहे. त्यामुळे केवळ अभयारण्याची सीमा आखून येथे संरक्षण साधत नाही. लोहखनिजासाठी डोंगर खोदण्यास कळणेसारख्या गावांतून विरोध झाला. परिसरातील २५ ग्रामसभांनी आपली गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करावीत, असे ठराव केले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञगटाने २०११ च्या अहवालात त्यांची नोंद घेतली. पुढे हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २०१३ मध्ये दोन्ही तालुक्यांतील वृक्षतोडीस मनाई केली आणि २०२४ मध्ये या २५ गावांना संवेदनशील क्षेत्राचा दर्जा देण्याविषयी आदेश दिला.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ ही तरतूद आली. शासकीय जमिनीवर, स्थानिकांशी विचारविनिमय करून असे क्षेत्र घोषित केले जाते. त्याच्या व्यवस्थापन समितीत संबंधित प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. या तरतुदीनुसार २०२० मध्ये दोडामार्गातील ९ गावांच्या परिसरातील २९.५३ चौरस किलोमीटर वनक्षेत्र ‘तिळारी संवर्धन राखीव’ झाले.

गावकऱ्यांचा सहभाग का आवश्यक, याचे उत्तर सीमेपलीकडे मिळते. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मृत्युमुखी पडले. वाघांनी गुरे मारल्यानंतर हा प्रकार घडला होता. मारलेल्या गुरांचे मांस वाघ पुन्हा येऊन खातो. त्यावर विष टाकले, तर एका रात्रीत सारे कुटुंब नष्ट होते. अशा वेळी तत्काळ पंचनामा आणि वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई हेच वाघाचे खरे संरक्षण ठरते. दुभते जनावर गमावलेल्या कुटुंबाला कोरडा उपदेश पुरत नाही.

कोकणातील गुराखी दिवाळीच्या सुमारास वाघबारस पाळत आले आहेत. वाघाने गुरांना त्रास देऊ नये, ही त्यामागील प्रार्थना. भीती आणि आदर यांचा हा जुना करार टिकवायचा, तर नुकसानीचा भार एकट्या गुराख्यावर पडता कामा नये. ग्रामसभांनी ठराव करून आपली बाजू मांडली आहे; आता त्या ठरावांचा मान राखणे ही शासनाची जबाबदारी आहे.