पेडणे-डिचोलीतील ‘अंदाजे’ संख्येविषयी

* देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची इथे दिलेली संख्या ‘अंदाजे’ असली, तरी ती हवेतली नाही. जो समूह धास्तीपोटी शिरगणतीत ओळख देत नाही, त्याच्यासाठी दोन याद्यांची पद्धत वापरतात. समजा, आरोग्यसेविकेच्या यादीत २०० जणी आहेत, वस्त्यांत फिरून केलेल्या दुसऱ्या यादीत १५०, आणि दोन्हींत सापडल्या ३०. दुसरीतल्या पाचांपैकी एकच पहिलीत होती. म्हणजे पहिल्या यादीने समूहाचा पाचवा हिस्साच टिपला असे धरून एकूण १००० निघतात. चंद्रशेखर व डेमिंग यांनी १९४९ साली सिंगूर (बंगाल) येथील जन्म-मृत्यूच्या नोंदींवर हीच रीत लावली.

मात्र दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र हव्यात आणि मधल्या काळात कुणी आत-बाहेर जाता कामा नये. या दोन तालुक्यांत नेमके हेच अवघड. पेडण्याच्या टोकाला पत्रादेवीचा नाका, डिचोलीला खेटून दोडामार्ग. दिवसा गोव्यात असलेली बाई रात्री सिंधुदुर्गात असू शकते. शिवाय एका यादीत तिने एक नाव सांगितले आणि दुसरीत दुसरे, की जुळणी हुकते व एकूण आकडा फुगतो. २००४ मध्ये वास्कोची बायणा ही देहविक्रयाची वस्ती पाडल्यावर तिथल्या स्त्रिया विखुरल्या, तेव्हा एका ठिकाणी जाऊन मोजण्याचा मार्गही उरला नाही.

म्हणून या आवृत्तीत आकड्याच्या खालच्या-वरच्या मर्यादा दिल्या आहेत. वाड्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत. मोजणीपायी कुणाच्या दारात पोलीस उभे राहू नयेत.
— संपादक