पाठलाग आणि खो : एका जोडडावाची घडण

पंढरपूर तालुक्यातील करकंबच्या परिसरात, त्याच तालुक्यातील वाडीकुरोली आणि शेजारच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर या गावांनी ज्या खेळात नाव मिळवले, तो खो-खो सामान्यतः चपळाईचा आणि दमाचा खेळ म्हणून ओळखला जातो. परंतु त्याच्या आक्रमणाची घडण पाहिली असता असे दिसते की, या खेळाचा खरा आधार सरळ पाठलाग आणि अचानक दिलेला खो या दोन परस्परपूरक डावांच्या सांगडीत आहे आणि ही सांगड नियमांच्या बंधनांतूनच जन्माला आली आहे.

पाठलागाचे मैदानी खेळ महाराष्ट्रात पूर्वापार खेळले जात असले, तरी खो-खोला निश्चित नियमांची चौकट मिळाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली नियम बांधण्यास हात घातला, 1924 साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमावली प्रसिद्ध केली आणि 1928 साली स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 साली सुधारित नियम प्रचारात आणले. पटांगण, चुन्याच्या रेघा आणि दोन खांब एवढ्यावर भागणारा हा खेळ ग्रामीण शाळांना परवडणारा होता, आणि नियम छापील झाल्यामुळे वेगवेगळ्या गावांच्या संघांना एकाच रीतीने खेळणे शक्य झाले.

या नियमांत आक्रमणाच्या दृष्टीने तीन गोष्टी निर्णायक ठरतात. दोन खांबांना जोडणाऱ्या मध्यपाटीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा गडी पाठलाग करतो. या पाठलाग करणाऱ्याने एकदा एका खांबाची दिशा धरली की त्याला उलट फिरता येत नाही. आणि मध्यपाटी ओलांडण्याचीही त्याला मुभा नसल्याने बाजू बदलायची झाल्यास खांबाला वळसा घालावा लागतो. तिघांच्या तुकडीने मैदानात उतरणाऱ्या धावकांवर मात्र असे बंधन नसते. धावक बसलेल्या गड्यांच्या मधून नागमोडी पळत, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘साखळी’ घालत, हवी तेव्हा बाजू बदलतो. एकट्या माणसाच्या वेगाने ही विषमता भरून निघत नाही. म्हणूनच बसलेल्या गड्याला पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हणायचे आणि पाठलाग त्याच्या स्वाधीन करायचा, ही योजना खेळाच्या केंद्रस्थानी आली.

सरळ पाठलागाचा हेतू धावकाला खांबाकडे रेटण्याचा असतो, कारण तेथे वळसा घेताना त्याची गती मंदावते आणि खांबाला धरून सूर मारणाऱ्या आक्रमकाला त्याला टिपता येते. हा धोका ओळखलेला धावक खांबापाशी पोहोचण्याआधीच मध्यपाटी ओलांडू लागतो; नेमक्या त्याच क्षणी पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याला खो मिळाला, तर धावक आपल्याच पावलांनी नव्या आक्रमकासमोर येतो. उलट, खो येणारच असे गृहीत धरून धावक थबकला, तर आक्रमक खो देण्यासाठी वाकल्याची हूल देऊन तसाच पुढे धावतो आणि अंतर तोडतो. पहिल्या डावाची भीती दुसऱ्या डावाला यश देते आणि दुसऱ्याची भीती पहिल्याला. त्यामुळे सुरुवातीला दोन्ही डावांची हालचाल एकसारखी दिसणे अत्यावश्यक ठरते.

हेच तत्त्व अगदी वेगळ्या मातीत, अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्येही विकसित झाले. तेथे 1906 साली चेंडू पुढे फेकण्यास मान्यता मिळाल्यावर आक्रमक संघाला चेंडू घेऊन धावणे आणि तो दूरच्या सहकाऱ्याकडे फेकणे असे दोन मार्ग खुले झाले. 1950 च्या दशकात डेलावेअर विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्हिड नेल्सन यांनी एकाच मांडणीतून आणि एकाच प्रकारच्या सुरुवातीतून निघणाऱ्या डावांच्या मालिका रचल्या, ज्यांत धाव अडवण्यासाठी पुढे सरकलेल्या बचावपटूंच्या मागे मोकळी झालेली जागा फेकीने गाठली जाई. दोन्ही खेळांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही प्रतिपक्षाने एका डावावर शोधलेला उपायच दुसऱ्या डावाचे साधन व्हावा, हा विचार दोन्हीकडे समान आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांमुळे हे तंत्र अधिक काटेकोर झाले. दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत 2016 साली खो-खोचा समावेश झाला, तेव्हा भारतीय महिला संघाचे नेतृत्व सोलापूरलगतच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांच्याकडे होते, आणि त्यांना पुढे 2020 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. 2022 साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने मातीऐवजी मॅटवर सामने खेळवले आणि दिशेच्या बंधनातून मुक्त असा ‘वजीर’ हा आक्रमक निर्माण केला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवले, आणि त्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचेच होते.

वजिराच्या आगमनाने आक्रमण वेगवान झाले हे खरे. परंतु ज्या बंधनामुळे पाठलागाला खोची आणि खोला पाठलागाची गरज भासली, ते सैल करताना खेळाचे मूळ सौंदर्यही काही अंशी सैल होते, हेही मान्य करावे लागते.