तेरेझाची विमला

बोईसरला उतरून तारापूरकडे निघालात, तर सोबतीचे प्रवासी अणुवीज केंद्राच्या गोष्टी सांगतील. १९६९ पासून गावाची ओळखच ती. पण समुद्राकाठचा पोर्तुगीजांचा किल्लाही तिथेच आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसईही पडली. फिरंगी उत्तर कोकणातून उठले, त्यांचे शब्द मात्र उठले नाहीत. पहिल्या आंघोळीचा साबण, फराळातला काजू, कपाटाची चावी आणि ज्याच्या जोरावर दिवाळी साजरी व्हायची तो पगार, सारे त्यांच्याच बोलीतून आलेले!

गोव्यात त्यांचा अंमल पुढेही सव्वादोनशे वर्षे टिकला. तिथे नुसत्या शब्दांवर भागले नाही, माणसांची नावेही बदलली. १९३२ साली मांडवीपलीकडच्या ब्रिटोना गावी एका ख्रिस्ती घरात तेरेझा आल्मैदा जन्मली. ही मुलगी पोर्तुगीज भाषेत लिहू लागली, आणि लेखिका म्हणून तिने नाव घेतले ‘विमला देवी’! धर्मांतरात पुसल्या गेलेल्या नावांपैकी एक तिने हक्काने परत उचलले, असे मला वाटते.

१९५८ मध्ये ती लिस्बनला गेली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतरच, १९६२ साली ‘सूरिया’ हा कवितासंग्रह व १९६३ साली ‘मोंसांव’, म्हणजे पावसाळा, हा कथासंग्रह निघाला. लॅटिन अमेरिकेतल्या लेखिका स्वप्न आणि वास्तव यांचे मिश्रण करतात, असे आपण वाचतो. विमलाबाईंना स्वप्नाची गरज पडली नाही. ख्रिस्ती भाटकार, त्याचे मुंडकार, शेजारचे हिंदू घर, परदेशी गेलेले पुरुष आणि वाट पाहणाऱ्या बायका, हे जग मुळातच दुपेडी होते. पण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी बहुतेकांना ती भाषा वाचता येत नव्हती, आणि नव्या शाळांतून ती झपाट्याने मागे पडत होती. लेखिकेच्या वाट्याला याहून अवघड प्रसंग कोणता येणार?

पती मानुएल द सेआब्रा यांच्यासह तिने १९७१ मध्ये इंडो-पोर्तुगीज साहित्याचा इतिहास दोन खंडांत सिद्ध केला. वाचक विरत चाललेल्या त्या भाषेत गोवेकरांनी काय काय लिहून ठेवले, ते शोधू पाहणारा अभ्यासक आजही आधी हेच खंड उघडतो.